जिंकलेले रान की गिळलेली ठेव?

मोशीस नागेश्वर महाराजांच्या देवळापाशी सायंकाळी चार जुनी माणसे एकत्र बसली म्हणजे बोलणे कोठूनही सुरू झाले तरी अखेर एकाच विषयावर येऊन ठेपते, आणि तो विषय म्हणजे गेलेली जमीन. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि या पट्ट्यातील शिवारे एकामागून एक संपादनाच्या नोटिशीखाली आली. मोबदला सरकारी दराने ठरला. संपादित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन विकसित होऊन परत मिळावी, ही मागणी तर ज्यांची जमीन सर्वांत आधी गेली त्यांच्याच बाबतीत वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली. आणि २०२१ साली प्राधिकरण स्वतःच विलीन होऊन नाहीसे झाले, पण ज्यांचे रान गेले त्यांची तक्रार काही विलीन झाली नाही. "आमची जमीन सरकारने चोरली," असे ही माणसे उघड म्हणतात. कायद्याच्या पंडितास हा शब्द रुचणार नाही. नोटीस निघाली, पंचनामा झाला, निवाडा झाला, पैसे कचेरीत जमा झाले. मग चोरी कसली, असे तो विचारील. तथापि आम्ही त्या शब्दास हसणार नाही. ज्याच्या बापजाद्यांनी ती माती कसली त्याच्या संमतीवाचून, त्याने न ठरविलेल्या भावाने ती गेली, तर त्याच्या तोंडी दुसरा कोणता शब्द यावा?

परंतु परवा त्याच ओट्यावर आमच्या कानी जे पडले त्याने आम्हांस हा लेख लिहिण्यास भाग पाडले. खेड तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकराच्या बाजूस कोणी जमिनीचा व्यवहार करीत होते. त्यावरून तिकडच्या महादेव कोळी, ठाकर व कातकरी लोकांच्या जमिनी कशा गेल्या हा प्रश्न निघाला. तेव्हा एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांचा स्वतःचा मळा प्राधिकरणात गेला आहे व ज्यांनी 'चोरी' हा शब्द नुकताच दोनदा उच्चारला होता, ते म्हणाले, "त्यांचे काय घेऊन बसलात? ते लोक जिंकले गेले. साऱ्या जगात असेच झाले. बळी तो कान पिळी!" भोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या. एकाच ओट्यावर, एकाच तोंडातून, अर्ध्या घटकेत दोन न्याय! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कारटे, ही म्हण मुलांपुरती नाही, ती जमिनींसही लागू पडते, असे आम्हांस त्या वेळी वाटले.

आता, चोरी म्हणा की जिंकणे म्हणा, गेलेले गेले, शब्दाने काय होते, असे कोणी म्हणेल. पण शब्दानेच सर्व होते. जिंकलेल्या मुलखाचा हिशेब कोणी मागत नाही. त्याचा पोवाडा होतो. चोरीच्या मालाचा मात्र पंचनामा होतो आणि तो सापडल्यास परत द्यावा लागतो. म्हणून ज्यास माल परत करावयाचा नसतो तो चोरीस पराक्रमाचे नाव देण्याची खटपट करतो. यास्तव आमच्या व्यापारी व सुशिक्षित वाचकांनी हा प्रश्न भावनेने नव्हे, तर आपल्या पेढीवरचा एखादा वादग्रस्त जमाखर्च तपासावा तसा तपासून पाहावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम जिंकणे म्हणजे काय ते पाहू. आणि त्यासाठी दूर जावयास नको. मोशीहून नाशिकच्या रस्त्याने इंद्रायणी ओलांडून पुढे गेले की चाकण लागते. तेथील संग्रामदुर्गास १६६० साली शाएस्तेखानाने वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर शिबंदीनिशी सुमारे दोन महिने तो भुईकोट लढविला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला पडला. हे जिंकणे होय. यात दोन सत्ता होत्या, उघड युद्ध होते, हार कोणाची व जीत कोणाची हे गावोगाव ठाऊक होते. पण आमच्या वाचकांनी पुढचा प्रश्न स्वतःस विचारावा: चाकणचा किल्ला मोगलांकडे गेला तेव्हा भोवतालच्या गावांतील कुणब्याची शेते मोगलांची झाली काय? नाही. सारा कोणाच्या खजिन्यात भरावयाचा एवढेच बदलले. मिरासदाराची मिरास आणि पाटलाचे वतन कायम राहिले. राज्ये बदलली म्हणजे वतनदार नव्या धन्याकडे जाऊन जुन्या हक्काची नवी सनद करून घेत, हा दक्षिणेतला शेकडो वर्षांचा शिरस्ता होता. निजामशाही गेली, आदिलशाही गेली, मोगल आले, मराठे आले. शिवारातला बांध जेथल्या तेथे राहिला. १८१८ साली इंग्रजांनी पेशवाई बुडविली, तोही उघड विजय होता. पण एल्फिन्स्टन साहेबाने आपल्या १८१९ च्या अहवालात मिरासदाराच्या हक्काची नोंद केली, आणि पुढे रयतवारी मोजणी आली तेव्हा कुणब्याचे नाव खातेदार म्हणून कागदावर चढले. सारांश, आमच्या देशाच्या वहिवाटीप्रमाणे विजय हा वेशीपर्यंत येतो, बांध ओलांडून शेतात शिरत नाही. जिंकला म्हणून राजा सारा घेईल. जिंकले म्हणून नांगर हिसकावून घेणे हा विजयाचा हक्क येथे कोणी मानला नव्हता.

मग डोंगरातल्या माणसाचे रान गेले कसे? त्याच्याजवळ मिरासपत्र नव्हते, सनद नव्हती. राब भाजून नाचणी व वरई पेरावी, मध, हिरडा व कंद गोळा करावे, गुरे चारावीत, अशी त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, आणि वहिवाट हाच त्याचा कागद होता. कुणब्याची वहिवाट मोजणीदाराने कागदावर उतरविली. त्याची उतरविली नाही. १८७८ साली जंगलाचा कायदा झाला. त्याने सरकारास वाटेल ते रान राखीव म्हणून जाहीर करता येऊ लागले. हक्क असल्यास मुदतीत अर्ज करा, अशी जाहीर सूचना निघे. ज्यास अक्षर ठाऊक नाही, कचेरी ठाऊक नाही, मुदत म्हणजे काय ते ठाऊक नाही, अशा माणसाने अर्ज करावयाचा! तो आला नाही म्हणून हक्क बुडाला. काल जो त्या रानाचा धनी होता तो आज त्याच रानात सरपण वेचताना सापडला तर गुन्हेगार ठरू लागला. या प्रकारात एक तोफ उडाली नाही, एक बुरूज पडला नाही, कोणी तह केला नाही. ज्योतिराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगल खात्यावर जे कोरडे ओढले ते याच कारणाने. आणि त्यांचा कुणबी तर तरी कागदावर होता.

दुसरी वाट सावकाराची. ती आमच्या वाचकांस अधिक परिचयाची आहे, कारण १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत खुद्द कुणब्यांनीच सुप्यापासून सुरुवात करून सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. त्या वेळी सरकारने बंडखोरांस शिक्षा केल्या हे खरे, पण चौकशीही केली, आणि १८७९ साली कायदा करून रोख्याच्या मागे खरा व्यवहार काय झाला हे उकरून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. म्हणजे निरक्षर माणसाचा अंगठा कागदावर आहे एवढ्याने कागद खरा ठरत नाही, हे तत्त्व आमच्याच आजोबा-पणजोबांच्या रडण्याने या प्रांताच्या कायद्यात शिरले. त्याच तत्त्वाची मागणी वारली किंवा कातकरी करू लागला की आम्हांस ती नवी व अतिरेकी वाटते, हे नवल होय.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू, तलासरी व उंबरगाव या बाजूस वारल्यांची जमीन कशी गेली हे आता गुपित राहिलेले नाही. लग्नासाठी वा खावटीसाठी थोडे धान्य, थोडे रुपये उसने घ्यावे. त्याचा आकडा सावकाराच्या वहीत वाढत जावा. एके दिवशी कोर्टाचा बेलीफ यावा आणि शेत सावकाराच्या, गवताच्या वा दारूच्या व्यापाऱ्याच्या नावे व्हावे. मग त्याच शेतावर त्याच वारल्याने कूळ म्हणून, पुढे लग्नगडी म्हणून जन्मभर राबावे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी जो अहवाल लिहिला त्यात वेठबिगारीची ही हकिकत सरकारी भाषेत आली आहे. १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. गोळी झाली ती जमीन घेताना नव्हे. जमीन त्याआधीच दोन पिढ्या शांतपणे, स्टांपाच्या कागदावर गेली होती. गोळी झाली ती वेठ नको म्हणताना.

येथे कोणी इतिहासाचा जाणकार आम्हांस अडवील. आदिवासी लढले नाहीत काय? सह्याद्रीत महादेव कोळ्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरले नव्हते काय? धरले होते. राघोजी भांगरे यांचे बंड या पुणे, नगर व ठाणे जिल्ह्यांच्या डोंगरांत झाले. सावकार व कंपनी सरकार हे दोन्ही त्यांचे शत्रू होते. पण मग इंग्रजांनी त्यांचे काय केले? त्यांस पराभूत राजा म्हणून नजरकैदेत ठेवले नाही, त्यांच्याशी तह केला नाही. खटला चालवून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. हा मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. सरकारच्या दृष्टीने राघोजी शत्रू नव्हते, तर सरकारच्याच प्रजेपैकी एक गुन्हेगार होते. ठीक आहे. पण एकदा त्यांस व त्यांच्या जातभाईंस प्रजा म्हटले की प्रजेचे जीवित व मालमत्ता राखण्याचा बोजा सरकारच्या शिरावर आला. फाशी देताना प्रजा आणि जमीन घेताना जिंकलेला शत्रू, अशा दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाहीत.

तेव्हा जिंकणे हा शब्द येथे टिकत नाही. मग चोरी म्हणावे काय? चोरीची लक्षणे आहेत खरी: फसवणूक आहे, अज्ञानाचा फायदा आहे, मालकाच्या पाठीमागे झालेला व्यवहार आहे. परंतु चोर हा बाहेरून येतो, रात्री येतो, पकडला जाऊ या भीतीने येतो. येथे ज्याने घेतले तो दिवसा आला, आणि त्याच्याबरोबर कोतवाल होता, तलाठी होता, कोर्टाचा शिक्का होता. ज्यांनी राखावयाचे त्यांनीच खाल्ले. यास आपल्या भाषेत फार जुने नाव आहे: कुंपणानेच शेत खाल्ले. आणि आमच्या व्यापारी बंधूंच्या भाषेत यास नाव आहे अपहार. एखाद्या विधवेने विश्वासाने पेढीवर दागिने ठेवावेत आणि शेटजींनी ती निरक्षर आहे असे पाहून वहीत ते आपल्या नावे लिहून घ्यावेत, हा प्रकार साध्या चोरीहून हलका की भारी? बाजारपेठेत कोणत्याही सराफास विचारा. चोर एकाचे नुकसान करतो. ठेव गिळणारा साऱ्या पेठेची पत बुडवितो. सरकारने व त्याच्या कागदाआडून सावकाराने डोंगरातल्या माणसाची जी जमीन घेतली ती गिळलेली ठेव होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा वाद केवळ आमच्याच मुलखात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८२३ साली जॉन मार्शल या न्यायमूर्तींपुढे एक खटला चालला. दोन गोरे पक्षकार एकाच जमिनीवर हक्क सांगत होते. एकाचा हक्क थेट इंडियन लोकांकडून केलेल्या खरेदीवर होता, दुसऱ्याचा सरकारकडून मिळालेल्या देणगीवर. मार्शल यांनी ठरविले की शोध व विजय यांच्या योगाने अंतिम मालकी सरकारची झाली, मूळच्या लोकांस केवळ वहिवाट उरली, आणि विजेत्याच्या न्यायालयास विजेत्याचा हक्क नाकारता येत नाही. हा निकाल जगभर आधार म्हणून दाखविला जातो. पण त्या खटल्यात ज्यांची जमीन होती त्यांच्यापैकी एकही माणूस पक्षकार नव्हता, हे दाखविणारे सांगत नाहीत! पुढे त्याच देशात सू नावाच्या लोकांशी १८६८ साली तह होऊन ब्लॅक हिल्स हे डोंगर त्यांचे म्हणून मान्य झाले. १८७४ साली तेथे सोने सापडले. १८७७ साली अमेरिकन सरकारने कायदा करून ते डोंगर घेतले. शंभर वर्षांनी, १९८० साली, त्याच सर्वोच्च न्यायालयाने ते घेणे भरपाईस पात्र ठरविले व व्याजासह दहा कोटींहून अधिक डॉलर देवविले. सू लोकांनी ते पैसे आजपर्यंत उचललेले नाहीत. आम्ही विकलेच नाही तर किंमत कशाची घ्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. साडेबारा टक्क्यांसाठी खेटे घालणाऱ्या मोशीकरांस तरी हे म्हणणे वेडेपणाचे वाटू नये.

ऑस्ट्रेलियात याहून विलक्षण प्रकार होता. तेथे गोऱ्यांनी विजयाचाही दावा केला नाही. ती भूमी कोणाचीच नव्हती, असेच धरून चालले. १९९२ साली तेथील उच्च न्यायालयाने एडी माबो व इतरांच्या खटल्यात ही कल्पना खोटी ठरविली. माबो स्वतः निकालाच्या काही महिने आधी वारले होते. आणि विजय हाच हक्क, हे म्हणणे तर १९२८ च्या पॅरिसच्या करारापासून व १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेपासून राष्ट्राराष्ट्रांतही कोणी उघडपणे मांडू शकत नाही. जे आज एका राज्यास शेजारच्या राज्याविरुद्ध म्हणता येत नाही ते नागरिकाने नागरिकाविरुद्ध म्हणावे, ही कोठली रीत?

आमच्या राज्याच्या कायद्याने तर हा निवाडा केव्हाच दिला आहे, फक्त तो पेठेत कोणी वाचीत नाही. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकणे, गहाण टाकणे वा पट्ट्याने देणे यास जिल्हाधिकाऱ्याची व बहुतेक बाबतीत सरकारचीही पूर्वसंमती लागते. त्याच सुमारास जमीन परत देण्याचा स्वतंत्र कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन, मग तो व्यवहार कागदोपत्री कितीही नीट असो, मूळ मालकास परत द्यावी; घेणाऱ्यास शेतसाऱ्याच्या ४८ पट रक्कम व त्याने केलेल्या सुधारणांची किंमत मिळावी, असे त्यात ठरले. हा कायदा घटनाबाह्य आहे म्हणून जमीनधारक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८४ साली न्यायालयाने तो उचलून धरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर प्रस्तावनेतच मान्य केले की वनवासी लोकांचे हक्क नोंदले न जाणे हा ऐतिहासिक अन्याय होता. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावास २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ते गाव आपला बांबू आपण विकू लागले. जंगल खात्याहून गावाने रान वाईट राखले, असे आम्ही तरी ऐकलेले नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते सर्वच टाकाऊ नाहीत. कोणी म्हणतो, मूळचे कोण हे कोण ठरविणार? कुणबीही कोणाला तरी हटवूनच आला असेल. असेल. पण आम्ही पुराणकाळचा हिशेब मागत नाही. आम्ही १८७८, १९५७ व १९७४ या सालांविषयी बोलत आहो, ज्यांचे कागद तहसील कचेरीच्या दप्तरात आहेत व ज्यांची माणसे अद्याप डोंगरात आहेत. हजार वर्षांपूर्वीचा चोर सापडत नाही, म्हणून कालच्यास सोडून द्यावे, असा न्याय कोणत्या चावडीवर आहे?

दुसरा आक्षेप आम्ही अधिक आदराने ऐकतो. एखाद्या गरीब शेतकऱ्याने १९६५ साली पदरचे पैसे मोजून, रीतसर खरेदीखत करून आदिवासीकडून पाच एकर घेतली. तीस वर्षे घाम गाळून ती बागायत केली. त्याचा गुन्हा काय? आम्ही म्हणतो, कदाचित काही नाही. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणे दुकानदारास ठाऊक आहेच की सामान्यतः ज्याची मालकी नाही त्याच्याकडून घेतलेल्या मालाची मालकी मिळत नाही, मग पैसे कितीही प्रामाणिकपणे मोजलेले असोत. जमिनीच्या बाबतीत विकणारा आदिवासी मालक होता, तेव्हा हे उदाहरण तंतोतंत बसत नाही हे आम्ही कबूल करतो. पण दडपणाखाली व अज्ञानात झालेली विक्री ही विक्री नव्हे, हे १८७९ चेच तत्त्व येथे लागू पडते. राहता राहिला त्या शेतकऱ्याच्या नुकसानीचा प्रश्न. शेतसाऱ्याची ४८ पट ही रक्कम आजच्या भावाने हास्यास्पद आहे, यात शंका नाही. परंतु ती तूट आदिवासीने का सोसावी? ज्या सरकारच्या दुय्यम निबंधकाने तो दस्त नोंदविला, ज्याच्या तलाठ्याने फेरफार ओढला, त्या सरकारने ती तूट भरून द्यावी. ठेव गिळण्यास ज्याची वही कामी आली त्याने वहीचा भुर्दंड सोसावा, हे व्यापाऱ्यास तरी पटेल.

तिसरा आक्षेप लोककल्याणाचा. धरणे नकोत काय, कारखाने नकोत काय? चाकणची औद्योगिक वसाहत नसती तर या पट्ट्यात आज दिसणारी दौलत आली असती काय? नसती आली, आम्ही कारखान्यांचे शत्रू नाही. पण लोककल्याणाचा खर्च नेहमी कोणाच्या खात्यावर पडतो, एवढे मात्र पाहावे. १९२१ ते १९२४ या काळात मुळशीस टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्याची एक बाजू आमच्या शहरांस आठवत नाही. त्या खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनींवर पुण्याच्या सावकारांचे कागदोपत्री हक्क होते. त्यांस मोबदला चालत होता. ज्यास भात लावावयाचे होते त्यास मोबदला नको होता, त्यास खाचर हवे होते. धरण झालेच. पुढे आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले, त्याखाली आदिवासींची भातखाचरे बुडाली आणि पाणी खाली उसाच्या मुलखास गेले. ते पाणी पिणारा बागाईतदार लुटारू नाही. पण पाण्याच्या बिलात ज्यांचे गाव बुडाले त्यांच्या नावे एक रकाना का नसावा, हे विचारण्यास त्यास तरी कोणी हरकत घेतली आहे?

आता सध्याच्या गोष्टीकडे वळतो, कारण हा सारा खटाटोप त्यासाठीच आहे. मोशी, भोसरी व चाकण येथील ज्यांच्या हाती जमिनीच्या किमती चढल्यामुळे पैसा खेळू लागला त्यांची नजर आज खेड, आंबेगाव, मावळ व मुळशी या तालुक्यांच्या डोंगराकडे लागली आहे. कोणास आमराईतले घर हवे आहे, कोणास धरणाच्या काठची विश्रांतीची जागा. त्यात गैर काही नाही. गैर तेथे सुरू होते जेथे आदिवासीची जमीन घेता येत नाही म्हणून दुसऱ्याच आदिवासीच्या नावे खरेदीखत करून पैसा व ताबा आपला ठेवण्यात येतो; किंवा 'विसार' म्हणून मोठी रक्कम देऊन कागद कोरा ठेवण्यात येतो; किंवा जातीच्या नोंदीतच फेरफार करून आदिवासी हा आदिवासी नव्हताच असे दाखविण्यात येते. २०२५ साली आदिवासी शेतकऱ्यांस आपली जमीन खाजगी व्यक्तींस थेट भाडेपट्ट्याने देता यावी, असा विचार राज्य सरकारकडून जाहीर झाला. त्याचे समर्थन असे की मालकास उत्पन्न मिळेल व मालकी त्याचीच राहील. मालकी राहील हे खरे. पण वारल्याची मालकीही बेलीफ येईपर्यंत त्याचीच होती. ज्याच्या हाती ताबा व पैसा, त्याच्या घरी कागद चालत जातो, हा आमच्या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे. असा पट्टा द्यावयाचाच असेल तर तो ग्रामसभेत वाचून दाखवावा, त्याची मुदत थोडी असावी, भाडे दर तीन वर्षांनी बदलावे, आणि पट्ट्यावर कर्ज काढण्याची मुभा भाडेकऱ्यास मुळीच नसावी. एवढ्या अटींवाचून आम्ही या कल्पनेस संमती देणार नाही.

सरकारकडे आमची दुसरी मागणी अगदी साधी आहे आणि तिला पैसाही लागत नाही. १९७४ च्या कायद्यान्वये पुणे जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात किती प्रकरणे दाखल झाली, किती आदेश निघाले, आणि त्यांपैकी किती आदेशांप्रमाणे आदिवासीस प्रत्यक्ष ताबा मिळाला, या तीन आकड्यांची यादी गाववार करून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. आदेश आणि ताबा यांच्यामध्ये किती पाणी वाहते हे मोशीच्या प्राधिकरणग्रस्तांइतके दुसऱ्या कोणास चांगले ठाऊक असणार? त्यांनीच ही मागणी पुढे रेटावी, अशी आमची त्यांस सूचना आहे. साडेबारा टक्क्यांच्या मोर्चात जे मुद्दे ते मांडतात तेच मुद्दे तेथे शब्दशः लागू पडतात. वेगळा अर्ज लिहिण्याचाही त्रास नाही.

आणि जे वाचक या दिवाळीपूर्वी डोंगराकडे एखादा तुकडा घेण्याच्या बेतात आहेत त्यांस एवढेच सांगणे आहे की विसार देण्यापूर्वी चालू सातबारा पाहून थांबू नये. तहसील कचेरीतून जुने फेरफार मागवावेत, १ एप्रिल १९५७ पर्यंत मागे जावे, आणि त्या पानांवर जेथे अंगठा दिसेल तेथे तो कोणाचा होता हे गावात जाऊन विचारावे.